पत्रकं स्पॅनिशमध्ये छापली, तरी कुटुंबं का टिकत नाहीत?

प्रश्न थोडक्यात असा: ह्यूस्टनमधल्या एका छोट्या दवाखान्यात तुम्ही आरोग्यशिक्षणाचं काम पाहता. येणारी बहुतेक कुटुंबं मेक्सिको, एल साल्वादोर आणि होंडुरासची. मुलांमधला लठ्ठपणा टाळण्यासाठी आई आणि मुलासाठी सहा आठवड्यांचा वर्ग आखलात, तो घ्यायला एक नर्स आणि दुभाषी ठेवलीत, पत्रकं स्पॅनिशमध्ये करून घेतलीत, ताटाच्या चित्रात ब्रेडच्या जागी टॉर्टिया, म्हणजे त्यांची पोळी, आणली. पहिल्या दिवशी हॉल अर्धा भरला, तिसऱ्या आठवड्यात तीन कुटुंबं उरली. वरिष्ठ म्हणतात, कार्यक्रम 'संस्कृतीला धरून' हवा. म्हणजे आणखी काय करायचं? आणि हेच आपल्या इथल्या, अमेरिकेतल्या मराठी मुलांना लागू पडेल का?

मी आहारतज्ज्ञ आहे. टेक्सासात याच समाजासोबत बरीच वर्षं काम करते. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शेवटी देते, कारण पहिल्याचा उलगडा झाल्याशिवाय ते नीट कळणार नाही.

भाषा आणि चित्रं बदललीत, ते करायलाच हवं होतं. पण तेवढ्याने माणूस फार तर दारापर्यंत येतो. केन रेस्निको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये एक विभागणी मांडली, ती आमच्या क्षेत्रात अजून वापरतात: वरवरचं जुळवणं आणि मुळापासूनचं जुळवणं. भाषा, पदार्थ, संगीत, पोस्टरवरचे चेहरे हे सगळं वरवरचं. घरात कुणाचा शब्द चालतो, अंगाने भरलेल्या मुलाकडे लोक कसं बघतात, परक्या माणसावर विश्वास केव्हा टाकतात, संकटाचा अर्थ काय लावतात, ही मुळं. पहिल्यामुळे तुमचं म्हणणं समजतं, दुसऱ्यामुळे पटतं. तुमचा सगळा खर्च पहिल्यावर झाला आहे.

आकडे तुम्हाला ठाऊक असतील, तरी एकदा समोर ठेवते. सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसंस्थेच्या २०१७ ते मार्च २०२० च्या पाहणीत २ ते १९ वर्षांच्या मुलांपैकी १९.७ टक्के लठ्ठ गटात होती. हिस्पॅनिक, म्हणजे मूळ स्पॅनिशभाषक देशांतल्या घरांतल्या, मुलांत हे प्रमाण २६.२ टक्के, कृष्णवर्णीय मुलांत २४.८, गोऱ्या मुलांत १६.६ आणि आशियाई मुलांत ९. (लठ्ठ म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, वय आणि लिंगानुसार ९५ पर्सेंटाईल किंवा त्याच्या वर.) हे आकडे पाहिले की बाहेरच्या माणसाच्या मनात पटकन येतं, 'त्यांचं खाणंच तसं.' हा समज कार्यक्रमाच्या मुळावर येतो. वर्गात तो कुणी उघड बोलून दाखवत नाही, पण आयांना तो बरोबर ऐकू येतो.

वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. खेड्यातून नुकत्याच आलेल्या मेक्सिकन कुटुंबाच्या ताटात राजमा-घेवड्याच्या जातीचे फ्रिहोलेस असतात, मक्याची टॉर्टिया असते, भोपळा, मिरची, टोमॅटो, कोवळ्या निवडुंगाचे नोपालेस, पपई असते. टॉर्टियासाठी मका चुन्याच्या पाण्यात शिजवून दळतात, त्यामुळे तिच्यात कॅल्शियमही येतं. हे कुटुंब इथे रुळत जातं तसं हे ताट बिघडतं, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे: डाळी-कडधान्यं आणि चोथा कमी होत जातो, सोडा (कोकसारखी गोड पेयं) आणि तयार खाणं वाढत जातं. म्हणजे आईने सोबत आणलेलं बरंचसं चांगलंच होतं. ते तिच्या हातून सुटत चाललंय, कारण ती दोन नोकऱ्या करते, कडधान्य शिजायला दोन तास लागतात आणि कोपऱ्यावर थोडक्या पैशांत चौघांचं पोट भरेल असं काहीतरी मिळतं. अशा बाईला 'निरोगी ताट कसं असावं' हे पहिल्या दिवशी शिकवायला घेतलंत, तर ती मान डोलावेल आणि पुढच्या आठवड्यात येणार नाही.

म्हणून माझ्या वर्गाचा पहिला दिवस मी शिकवण्यात घालवत नाही. तुमच्या आईच्या घरी रोज काय शिजायचं, एवढंच विचारते. मग फळ्यावर दोन रकाने: तिथलं आणि इथलं. दुसरा रकाना भरताना बायका स्वतःच हसायला लागतात. काय टिकवायचं हे त्याच सांगतात, आणि आपलं निम्मं काम होऊन जातं. सरकारनेही हे उशिरा का होईना ओळखलं. गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी असलेल्या विक योजनेचा शिधा २००९ मध्ये बदलला, तेव्हा अख्ख्या धान्याच्या यादीत मक्याची टॉर्टिया आली, फळं-भाज्यांसाठी वेगळे पैसे आले, ज्यूस कमी झाला. हा बदल वर्गात जरूर सांगा. 'तुमची टॉर्टिया सरकारी यादीत आहे' हे वाक्य ऐकताना बायकांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

पण मक्याची टॉर्टिया चांगली, मैद्याची वाईट, असा सरसकट निकालही देऊ नका. मक्याच्या छोट्या टॉर्टियात साधारण ५०-६० कॅलरी असतात आणि बुरितोच्या मोठ्या मैद्याच्या टॉर्टियात ३०० च्या आसपास, हे खरं. पण तुमच्याकडे होंडुरासचे लोक आहेत, त्यांची रोजची न्याहारी म्हणजे बालेआदा, ती मैद्याच्या टॉर्टियाचीच. साल्वादोरच्या बाईचा जीव पुपुसात, म्हणजे सारण भरलेल्या जाड भाकरीत, असतो. तुमच्या पत्रकावर सगळं मेक्सिकन, तर या दोघींना हा कार्यक्रम शेजारणीचा वाटतो. न्यूयॉर्कमधलं डोमिनिकन किंवा पोर्तो रिकन घर असेल तर टॉर्टिया बाजूलाच राहते, तिथे भात, बीन्स आणि तळलेली केळी. 'हिस्पॅनिक' हा जनगणनेचा रकाना आहे. त्या रकान्याला स्वयंपाकघर नसतं.

आता एका जेवणाकडे जरा बारकाईने बघा. टेबलाच्या मध्यभागी टोपलीत, फडक्यात गुंडाळलेली टॉर्टियांची चवड असते. गरम राहावी म्हणून फडकं. जो तो हात घालून एकेक काढतो आणि तिनेच भाजी उचलून खातो, चमचा फारसा लागत नाही. किती खाल्ल्या ते कुणी मोजत नाही, मोजायचं ठरवलं तरी दिसत नाही, कारण चवड झाकलेली असते. अशा घरात 'ताटाचा पाव भाग धान्य' ही सूचना बसवायची कुठे? ताटात धान्य येतच नाही, ते हातातून थेट तोंडात जातं. त्याऐवजी आम्ही ठरवलं ते साधं होतं: माणशी दोन, अडीच या हिशेबाने भाजून तेवढ्याच टोपलीत ठेवायच्या, उरलेलं पीठ फ्रीजमध्ये. आणि फ्रिहोलेसचं भांडं टोपलीच्या शेजारी. पदार्थ एकही बदलला नाही, चव बदलली नाही, आजी रागावली नाही. फ्रिहोलेसमध्ये मांतेका, म्हणजे डुकराची चरबी, घालणाऱ्यांना मी ती सोडा असं पहिल्या आठवड्यात सांगत नाही. भांड्यात नुसते शिजवलेले आणि नंतर चरबीत परतलेले, असे दोन्ही प्रकार त्यांच्याच घरात असतात. आठवड्यातून किती वेळा पहिला, किती वेळा दुसरा, एवढीच बोलणी करायची.

आजीचा विषय निघाला आहे तर तिथेच थांबते, कारण तुमचा हॉल रिकामा होण्याचं एक कारण बहुधा तिथेच आहे. तुम्ही 'आई आणि मूल' अशांना बोलावलंत. पण दिवसभर मूल अबुएलाकडे असतं. दोन-अडीच वर्षांच्या पोराच्या हातात अजून दुधाची बाटली आहे, ती ज्यूसने किंवा चॉकलेटच्या दुधाने भरते ती आजी. बालरोगतज्ज्ञ सांगतात की बाटली दीड वर्षाच्या आत सुटावी, आणि एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला चार औंसांहून जास्त, म्हणजे अंदाजे १२० मिलीलिटरहून अधिक ज्यूस नको. आईला हे वर्गात कळतं, संध्याकाळी घरी जाऊन ती सासूला सांगते, आणि पुढे काय होत असेल ते मराठी वाचकांना समजावून सांगायची गरज नाही. मोठ्यांचा मान राखणं हे त्या घरातलं पहिलं मूल्य आहे. सुनेने सासूला शिकवणं त्यात बसत नाही. म्हणून आजीलाच बोलवा, आणि शिकायला म्हणून बोलावू नका. तिला नोपालेस साफ करून दाखवायला सांगा, चिरून दाखवायला सांगा. ती आली की मग बाटलीचा विषय काढा, तोही डॉक्टरच्या तोंडून, कारण डॉक्टरचा शब्द आजीच्या मानाला धक्का न लावता ऐकता येतो.

इथे भरवण्याच्या पद्धतीवर झालेलं संशोधन उपयोगी पडतं. ह्यूस्टनच्याच बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनच्या शेरिल ह्यूज यांनी हेड स्टार्ट या सरकारी बालवाडी योजनेतल्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांचा अभ्यास केला. मायेने वागायचं पण खाण्याच्या बाबतीत मुलाला काहीच बंधन घालायचं नाही, काय आणि किती ते सगळं त्यानेच ठरवायचं, अशी लाडावणारी पद्धत आणि मुलाचं जास्त वजन यांचा संबंध त्यांना दिसला. हिस्पॅनिक घरांत ही पद्धत बरीच आढळली. यावर 'लाड कमी करा' असं सांगणारा सल्लागार त्या समाजात एक दिवस टिकणार नाही. ज्यांनी स्वतः किंवा ज्यांच्या आईने उपाशी दिवस काढलेत, त्यांच्यासाठी मुलाला 'नाही' न म्हणता येणं ही अमेरिकेत आल्याची कमाई आहे. गुबगुबीत मूल म्हणजे घर नीट चाललंय याची खूण. म्हणून मी लाडाला हात लावत नाही, फक्त वाटणी सांगते: काय वाढायचं आणि केव्हा वाढायचं हे मोठ्यांनी ठरवावं, वाढलेल्यातलं किती खायचं ते मुलाने. 'ताट पुसून टाक' हेही नको आणि 'हे नको तर ते घे' हेही नको. माया तशीच राहते, तिची जागा तेवढी बदलते.

वजनाबद्दल बोलायचंच असेल तर चारचौघांत कधीही नाही. काटा वेगळ्या खोलीत, मुलाची पाठ आकड्याकडे, आणि आकडा आईला एकटीला.

बापाला लोक विसरतात. तो बांधकामावर किंवा छपरांच्या कामावर असतो, शनिवारीही अर्धा दिवस जातो. तुमचा वर्ग मंगळवारी संध्याकाळी साडेपाचला असेल तर त्याला तुम्ही आधीच वगळलंय. आणि रविवारी दोन लिटरची सोड्याची बाटली घरी आणणारा बहुतेक वेळा तोच असतो. ऑस्ट्रेलियातला बाप-मुलांचा एक यशस्वी कार्यक्रम ह्यूस्टनमध्ये हिस्पॅनिक वडिलांसाठी बदलून घेतला गेला, 'पापास सालुदाब्लेस, नीन्योस सालुदाब्लेस' या नावाने. बाप आणि मूल मिळून धावणं, कुस्ती, चेंडू, आणि मधे खाण्याच्या गोष्टी. तुमच्याच शहरातलं काम आहे, जाऊन बघा. शिकवलं जाण्याची बापाला अडचण वाटते, मुलाबरोबर खेळण्याची वाटत नाही.

आता वर्ग कोण घेतं? तुमच्या वर्णनावरून एक नर्स आणि दुभाषी. दुभाषा काढून टाका आणि प्रोमोतोरा आणा. त्याच वस्तीतली, तिथल्याच चर्चमध्ये जाणारी, जिची मुलं त्याच शाळेत आहेत अशी बाई. आपल्याकडच्या आशाताईंची आठवण व्हावी असं हे काम आहे. टेक्सासात त्यांना राज्याचं प्रमाणपत्र मिळतं, १६० तासांचं प्रशिक्षण असतं. कॅलिफोर्नियात मेक्सिकोच्या सीमेवरच्या इम्पिरियल काउंटीत 'एंत्रे फमिलिया' नावाचा कार्यक्रम झाला, त्यात प्रोमोतोरा घरोघर जायच्या आणि सोबत एका कुटुंबाच्या मालिकेचे भाग दाखवायच्या. तुमच्या हातात वर्षाचं बजेट असेल तर निम्म्याहून जास्त प्रोमोतोरांच्या पगारावर घाला. स्वयंसेवक म्हणून राबवू नका. विश्वासाचं काम फुकटात करून घेणाऱ्या संस्था मी पुष्कळ पाहिल्या आहेत, आणि दोन वर्षांत त्या बाया निघून गेल्यावर त्यांच्यासोबत वस्तीही जाते.

विश्वासाचा मुद्दा इथे शोभेचा नाही. २०२० च्या फेब्रुवारीत 'पब्लिक चार्ज'चा कडक नियम (सरकारी मदत घेणाऱ्या स्थलांतरिताला कायमच्या वास्तव्याचा परवाना नाकारता येईल असा) लागू झाला होता, २०२१ मध्ये तो मागे घेतला. त्या काळात, नियम ज्यांना लागूच नव्हता अशाही कुटुंबांनी आपल्या अमेरिकन नागरिक मुलांचे लाभ भीतीने सोडून दिले. २०२५ च्या जानेवारीत शाळा, चर्च आणि दवाखान्यांच्या आवारात स्थलांतरितांच्या धरपकडीची कारवाई टाळण्याचं जुनं धोरण रद्द झालं. आता तुमचा नावनोंदणीचा फॉर्म काढून बघा. त्यात पत्ता, जन्मदेश, नोकरी देणाऱ्याचं नाव असे रकाने असतील तर तिसऱ्या आठवड्याचं कोडं तिथेच सुटतं. मुलाचं पहिलं नाव, वय आणि फोन एवढ्यावर कार्यक्रम चालतो. निधी देणाऱ्याला जास्त माहिती हवी असेल तर त्याच्याशी भांडा. आरोग्य कार्यक्रमात हे भांडणही आपलंच काम असतं.

वेळापत्रकाचं एक. डिसेंबरमध्ये काही सुरू करू नका. १२ डिसेंबरला ग्वादालुपेच्या माउलीचा सण, १६ पासून पोसादा, मग नाताळ, ६ जानेवारीला तीन राजांचा सण आणि त्याचा गोड रोस्का. मेक्सिकन लोक स्वतःच या काळाला 'ग्वादालुपे-रेयेस मॅरेथॉन' म्हणतात. त्याउलट लेंट, म्हणजे ईस्टरआधीचे चाळीस दिवस, आपल्या कामासाठी फार सोयीचे. शुक्रवारी मांस नाही, घरोघर मसूर, नोपालेस, मासे शिजतात. (कापिरोतादा हा पावाचा गोड पदार्थही शिजतो, त्याकडे डोळेझाक करावी.) मी नवे वर्ग शक्यतो तेव्हाच सुरू करते. काही सोडण्याचा निश्चय लोकांनी आधीच केलेला असतो, सोडा सोडा म्हणणं त्यात सहज बसतं.

सोड्यावर मी इतकी का अडून बसते? १२ औंसांच्या कोकाकोलाच्या कॅनमध्ये ३९ ग्रॅम साखर असते, हे एक. दुसरं कारण यकृताचं. यकृतात चरबी साठण्याकडे कल वाढवणारा पीएनपीएलए३ या जनुकाचा एक प्रकार २००८ मध्ये डॅलसच्या अभ्यासातून पुढे आला, आणि तो हिस्पॅनिक लोकांत सगळ्यात जास्त आढळला. हा प्रकार असलेल्या मुलांत साखरेच्या जास्त सेवनाचा यकृताशी अधिक घट्ट संबंध दिसला. म्हणजे तोच सोडा सगळ्या मुलांना सारखाच महाग पडत नाही. आईशी बोलताना जनुकाचं नाव घेण्याची गरज नसते. 'यकृत' म्हटलं की पुरे, कारण तिच्या घरात मधुमेहाने किंवा यकृताने गेलेला कुणीतरी असतोच. सोड्याऐवजी आग्वा फ्रेस्का, पण त्यातही कलिंगड किंवा काकडी-लिंबाचं, बिनसाखरेचं. होर्चाता म्हणजे तांदळाचं गोड पाणी, ते सणालाच.

व्यायामावर एका परिच्छेदात: चालायला जा म्हणू नका. सीमेजवळच्या कोलोनिया म्हणतात त्या बऱ्याच गरीब वस्त्यांत पक्के रस्ते आणि फुटपाथ नाहीत, मोकाट कुत्री आहेत, आणि ह्यूस्टनचा उन्हाळा तुम्हाला माहीतच आहे. चर्चचा हॉल, एक स्पीकर आणि कुंबिया. आया, पोरं, आजी, सगळे नाचतात.

आता कडू भाग. हे सगळं नीट केलंत तरी सहा आठवड्यांनी बीएमआय हलेल अशी आशा धरू नका, आणि निधी देणाऱ्याला तसा शब्द तर अजिबात देऊ नका. या क्षेत्रातला इतिहास बघा. शिकागोत 'हिप-हॉप टू हेल्थ ज्युनियर' हा बालवाडीतल्या मुलांसाठीचा कार्यक्रम होता. कृष्णवर्णीय मुलांत त्याचा बीएमआयवर चांगला परिणाम दिसला, २००५ मध्ये ते छापून आलं. तोच कार्यक्रम लॅटिनो (ढोबळमानाने हिस्पॅनिकच) मुलांसाठी बदलून घेतला, तर २००६ च्या निकालात फरक नाही. सॅन दिएगोजवळच्या 'आवेंतुरास पारा नीन्योस'मध्ये प्रोमोतोरा होत्या, शाळा होत्या, घरं होती. आईबापांच्या काही सवयी बदलल्या, मुलांचा बीएमआय नाही. नॅशव्हिलमध्ये शारी बार्किन यांच्या 'सालुद कोन ला फमिलिया' या छोट्या अभ्यासात तीन महिन्यांत बीएमआयवर फरक दिसला होता. मग त्यांनीच ६१० पालक-मूल जोड्या घेऊन तीन वर्षांचा मोठा अभ्यास केला, बहुतेक कुटुंबं लॅटिनो. २०१८ मध्ये निकाल आला: दोन्ही गटांतल्या मुलांच्या बीएमआयची वाटचाल सारखीच.

हे वाचून हातपाय गाळून बसायचं कारण नाही, पण त्यातून काय घ्यायचं ते नेमकं घ्यायला हवं. एक तर मात्रा. आधीच लठ्ठ असलेल्या मुलांच्या उपचारासाठी अमेरिकेतल्या तज्ज्ञगटांची शिफारस किमान २६ तासांच्या प्रत्यक्ष संपर्काची आहे. तुमचे सहा वर्ग, दोन-दोन तासांचे धरले तरी बारा. प्रतिबंधाचा हिशेब वेगळा असतो हे मान्य, पण बारा तासांत घराच्या सवयी मुळापासून बदलतील असं मानणं भाबडेपणा आहे. इलिनॉय विद्यापीठातून निघालेला 'आब्रिएंदो कामिनोस' हा कार्यक्रमही सहा आठवड्यांचाच आहे, तो इतर राज्यांत आणि पोर्तो रिकोतही नेला गेला, आणि मला तो आवडतो, कारण त्यात अख्खं कुटुंब येतं आणि खाण्याबरोबर घरातल्या बोलण्या-वागण्यावरही वेळ दिला जातो. त्याचा साचा जरूर घ्या. पण तो सुरुवात म्हणून घ्या, पुढे महिन्यातून एक भेट वर्षभर ठेवा.

दुसरं, पैसे. कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीत, शेतमजुरांच्या फायरबॉ गावात, डेव्हिसच्या विद्यापीठाने 'नीन्योस सानोस, फमिलिया साना' चालवला. पालकांचे वर्ग आणि शाळेतलं काम होतंच, पण त्याच्या जोडीला प्रत्येक कुटुंबाला फळं-भाज्यांसाठी महिन्याला २५ डॉलरचं व्हाउचर होतं, गावातल्याच दुकानात वटणारं. शेजारच्या सॅन वाकीन गावाशी तुलना केली. तीन वर्षांत आधीच लठ्ठ असलेल्या मुलांत, विशेषतः मुलग्यांत, बीएमआय वाढण्याचा वेग कमी दिसला. सगळ्या मुलांत सरसकट दिसला नाही, हेही सांगते. तरी मला वाटतं, दिशा इथे आहे. अमेरिकेची भाजी पिकवणाऱ्या माणसाला भाजी विकत घेणं परवडत नसेल, तर त्याच्या संस्कृतीवर कितीही बारीक काम केलं तरी ते तोकडंच पडणार.

तिसरं, गाव. टेक्सासच्या सीमेवरच्या ब्राउन्सव्हिल शहरात 'तू सालुद, सी क्वेंता' ही मोहीम बरीच वर्षं चालली. त्यात टीव्हीवर स्थानिक माणसांच्या गोष्टी, घरोघर प्रोमोतोरा, २००८ मध्ये सुरू झालेला शेतकरी बाजार, सायकलींसाठी बंद ठेवलेले रस्ते असं सगळं एकत्र आलं. २०१४ मध्ये त्या शहराला रॉबर्ट वुड जॉन्सन फाउंडेशनचा पुरस्कार मिळाला. एका दवाखान्याला हे जमणार नाही, पण तुमच्या हॉलच्या शेजारच्या दुकानदाराशी बोलणं जमेल.

म्हणून पुढच्या फेरीसाठी बीएमआयचा आकडा बाजूला ठेवा आणि चार गोष्टी मोजा: शेवटच्या आठवड्यापर्यंत किती कुटुंबं टिकली, घरात आठवड्याला सोड्याच्या किती बाटल्या येतात, मूल किती वाजता झोपतं, आणि किती जेवणं टीव्ही-फोनशिवाय होतात. यातल्या पहिल्या आकड्यावर मी सगळ्यात जास्त भर देईन. जी कुटुंबं टिकत नाहीत त्यांच्यासाठी बाकीचं काहीच लागू पडत नाही. आणि जी गेली त्यांना फोन करा. 'का आला नाहीत' असं विचारू नका, 'पुढच्या वेळी कोणता वार बरा' असं विचारा. खरं कारण त्या उत्तरातून आपोआप बाहेर येतं.

आता मराठी मुलांचं. आशियाई मुलांचा ९ टक्क्यांचा आकडा बघून आपले लोक निर्धास्त होतात, ते होऊ नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामातून दिसलं की आपली बाळं जन्मतः वजनाने लहान असली तरी त्यांच्या अंगात चरबीचा वाटा तुलनेने जास्त असतो. म्हणजे ज्या बीएमआयवर गोरं मूल ठीक असतं, त्याच बीएमआयवर आपलं मूल ठीक असेलच असं नाही. कंबरेचा घेर उंचीच्या निम्म्याच्या आत आहे ना, हे घरच्या टेपने बघता येतं, शाळकरी मुलांसाठी एवढा नियम पुरे.

वरच्यातलं सगळंच इथे चालणार नाही. व्हाउचरची गरज बहुतेक आयटीतल्या घरांना नाही, आणि नावनोंदणीच्या फॉर्मची ती भीतीही नाही. पण आजी-आजोबांचं लागू पडतं. ते सहा महिन्यांच्या मुक्कामाला येतात, आणि त्या सहा महिन्यांत फोन बघत भरवणं, दुधात चॉकलेट पावडर, जेवल्यावरही 'एक घास माझ्याकडून' हे सगळं परत सुरू होतं. त्यांना शिकवायला जाऊ नका. त्यांना ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ, थालीपीठ नातवंडांना करायला शिकवू द्या, बाटली आणि बिस्किटांचं तेवढं डॉक्टरांच्या भेटीला सोबत नेऊन त्यांच्यासमोर विचारा. मंडळाच्या गणपतीत स्टॉल लावायचा विचार असेल, तर तिथे भित्तिपत्रकांऐवजी टेप ठेवा, आणि नोंद घेणारी बाई मंडळातलीच, सगळ्यांच्या ओळखीची असू द्या.